घर्षण: वेगाचा वैरी आणि वेगाचा आधार

घर्षण वेग खाते, असे शाळेपासून आपल्या मनावर ठसलेले असते. शर्यतीच्या मोटारीकडे पाहिले की ही समजूत अर्धीच खरी ठरते. याचा उलगडा नगर जिल्ह्यातल्या बैलगाडा शर्यतीतूनही होतो. गाड्याच्या आसाला वंगण घालतात, कारण तिथे घर्षण नको असते. बैलाच्या खुरांना मात्र जमीन धरता आली पाहिजे; तिथे घर्षण कमी पडले तर बैल घसरतो.

बैलगाड्यात ओढतो बैल, चाक नुसते फिरते. मोटारीत इंजिनाने फिरवलेले चाक हेच खूर असते. ते रस्त्याला मागे रेटते, म्हणून रस्ता गाडीला पुढे ढकलतो. पकड सुटली, तर इंजिनाची सारी ताकद टायर जाळण्यात जाते.

खरी कसोटी वळणावर लागते. १०० मीटर त्रिज्येचे सपाट वळण घ्या. घर्षणांक १ असेल, तर गाडी ताशी सुमारे ११३ किलोमीटर वेगाने वळू शकते, तो ०.५ वर आला, की मर्यादा ८० वर येते. गाडीचे वजन या हिशेबात उरत नाही. जड गाडीला घर्षण जास्त मिळते, पण तिला वळवायला बळही तेवढेच जास्त लागते.

मग वजन न वाढवता टायरवरचा भार वाढवता आला तर? शर्यतीच्या गाडीचे पंख हेच करतात. विमानाचा पंख विमानाला उचलतो, हा उलटा बसवलेला पंख गाडीला खाली दाबतो. फॉर्म्युला वनच्या गाडीवर भरवेगात हा दाब तिच्या स्वतःच्या वजनाहूनही अधिक असतो.

टायर रुंद का असतात, हाही प्रश्न उरतो. घर्षण भारावर अवलंबून असते, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नाही, असा नियम फ्रेंच संशोधक गियोम आमोंतों यांनी १६९९ मध्ये मांडला. रबर तो पुरता पाळत नाही. भार वाढेल तसा त्याचा घर्षणांक घटतो, म्हणून रुंद टायरवर भार पसरवावा लागतो.

तरीही टायरची पकड अमर्याद नसते. ब्रेक आणि वळण यांचा खर्च एकाच खात्यातून होतो. म्हणून कसलेला चालक बहुतेक ब्रेक सरळ रस्त्यावरच लावतो आणि वळू लागताच तो हलके हलके सोडतो.

नगरहून पाथर्डीकडे जाताना लागणाऱ्या करंजी घाटातही हाच हिशेब लागू आहे. पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ, सांडलेले तेल आणि पाणी एकत्र होऊन पकड घटते. आपल्या गाडीला खाली दाबणारे पंख नसतात, पावसासाठी वेगळे टायरही नसतात. हातात उरतो तो फक्त वेग. तो निम्मा केला, तर त्याच वळणाला लागणारे बळ चौथाईवर येते. मात्र तो वळणाआधी कमी करायला हवा. वळणात शिरल्यावर घाबरून दाबलेला ब्रेक वळायला लागणारी पकडच खाऊन टाकतो.