आपली मोटार, आपले डोळे

आफ्रिकेतील जंगल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. उघडी जीप, खाकी पोशाखातला वाटाड्या, त्याने बोट दाखवायचे आणि आपण ‘कुठे, कुठे?’ म्हणत माना उंचावायच्या. दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानात हे चित्र बदलते. तेथे चार माणसांचे साधे कुटुंब आपल्या घरच्या मोटारीत बसते, प्रवेशद्वारावर शुल्क भरते, नकाशा मांडीवर घेते आणि सिंह-हत्तींच्या रानात शिरते. बरोबर वाटाड्या नाही आणि तो घेण्याची सक्तीही नाही. ताडोब्याला जाऊन आलेल्या वाचकांना याचे नवल वाटेल, कारण तेथे नेमून दिलेल्या गाडीतून, वाटाड्यासह आणि ठरलेल्या वेळातच हिंडावे लागते.

मग प्राणी दाखवतो कोण? याचे उत्तर सोपे आहे आणि थोडे अडचणीचेही. कोणीच दाखवत नाही. आपले आपणच पाहावे लागते. हे पाहणे म्हणजे नेमके काय, याचा विचार करण्यासाठी हा लेख.

क्रुगरचे क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर आहे. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जो अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा, त्याच्याहूनही हे रान मोठे. दक्षिणोत्तर लांबी साधारण ३५० किलोमीटर. सस्तन प्राण्यांच्या सुमारे १४७ आणि पक्ष्यांच्या ५०० हून अधिक जातींची येथे नोंद आहे. या विस्तारात डांबरी व मुरमाच्या रस्त्यांचे जाळे असून जागोजागी कुंपण घातलेले निवासतळ आहेत. रात्री माणसांनी कुंपणाच्या आत राहायचे आणि जनावरांनी बाहेर मोकळे हिंडायचे, असा तेथील रिवाज.

या व्यवस्थेला शंभर वर्षांचा इतिहास आहे. ट्रान्सव्हाल प्रजासत्ताकाचा अध्यक्ष पॉल क्रुगर याच्या राजवटीत १८९८ साली साबी व क्रोकोडाइल या दोन नद्यांमधील प्रदेश राखीव म्हणून जाहीर झाला. बोअर युद्ध संपल्यावर १९०२ मध्ये जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन हा स्कॉटिश सैनिक तेथे मुख्य रक्षक म्हणून आला आणि १९४६ पर्यंत त्याने ते काम केले. त्या काळी शिकारीची जनावरे राखायची ती पुढे शिकारीलाच उपयोगी पडावीत म्हणून, अशी सर्वसाधारण समजूत होती. लोक बंदुकीवाचून, नुसते जनावर पाहण्यासाठी पैसे मोजून येतील, ही कल्पनाच अनेकांना हास्यास्पद वाटे. पण १९२३ मध्ये रेल्वेने काढलेल्या सहलीच्या गाड्या या रानातून जाऊ लागल्या, आणि उतारूंना सर्वांत अधिक आवडला तो रानातला मुक्कामच! लोकांची ही ओढ उपयोगी पडली. १९२६ मध्ये कायदा होऊन राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. १९२७ साली तेथे अवघ्या तीन मोटारी आल्या; १९२८ मध्ये १८० आणि १९२९ मध्ये ८५०. मोटार आणि हे उद्यान अशी बरोबरीनेच वाढली.

नियम मोजके, पण कडक आहेत. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि मुरमाच्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरहून अधिक वेग चालत नाही. द्वारे पहाटे उघडतात व सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतात. उशीर करणाऱ्यास दंड होतो. ठरवून दिलेल्या जागा सोडल्या तर मोटारीतून उतरायचे नाही. खिडकीतून अंग बाहेर काढायचे नाही. कोणत्याही प्राण्याला खाऊ घालायचे नाही.

यांपैकी उतरू नये हा नियम सर्वांना समजतो, पण त्यामागचे कारण फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. रस्त्याकडेला पहुडलेला सिंह शेजारी मोटार थांबली तरी मान उचलत नाही. जाणकार सांगतात, की पिढ्यान्‌पिढ्या मोटारी पाहत आलेल्या या प्राण्यांना मोटार आणि आतली माणसे हे सगळे मिळून एकच वस्तू वाटते. तिच्यापासून भय नाही आणि ती खाण्याजोगीही नाही. पण कोणी दार उघडून पाय खाली टाकला, की ती वस्तू फुटते आणि तिच्यातून दोन पायांचा माणूस वेगळा दिसतो. मग सिंह पळतो तरी, नाही तर उलटतो. खाऊ न घालण्याचा नियमही असाच. माणसाच्या हातून खाण्याची सवय लागलेला बबून पुढे दांडगाई करू लागतो आणि अखेर त्याला गोळी घालावी लागते. आपली दोन केळी त्याच्या जिवावर उठतात.

आता मुख्य विषय, पाहण्याचा. नवखा माणूस ताशी ५० च्या वेगाने दिवसभर हिंडतो आणि सायंकाळी ‘काहीच दिसले नाही’ म्हणून परततो. अनुभवी माणूस त्याच्या निम्म्या वेगाने जातो, आणि निघण्यापूर्वी नकाशाकडे नीट पाहतो. उद्यानाच्या लांबीभर जमिनीचे दोन पट्टे आहेत. पश्चिमेकडे ग्रॅनाइट आहे, त्याची माती रेताड व निकस. पूर्वेकडे बेसॉल्ट, म्हणजे आपल्या दख्खनच्या पठाराचा आहे त्याच जातीचा काळा खडक. त्याची माती कसदार आणि गवत गोड. म्हणून पूर्वेकडील गवताळ मैदानांत झेब्रा आणि विल्डेबीस्ट यांचे कळप चरतात, आणि कळप तेथे सिंह. ओलिफांट्स नदीच्या उत्तरेस मोपाने नावाच्या झाडांचे रान लागते. तो मुलूख हत्तींच्या आवडीचा. खडकावरून गवत, गवतावरून हरणे, हरणांवरून सिंह असा हा हिशेब आहे. भूगोलाचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्यांनी तो येथे जरूर करून पाहावा.

गंमत म्हणजे याच पूर्व भागातील एका प्रसिद्ध निवासतळाचे नाव सातारा आहे! आपल्या साताऱ्याशी त्याचा संबंध नाही. जमिनीची मोजणी चालू असता एका हिंदुस्थानी मदतनिसाने ‘सतरा’ हा आकडा उच्चारला आणि तेच त्या जागेचे नाव झाले, अशी आख्यायिका सांगतात.

नकाशानंतर खुणा. इंपाला हे हरीण येथे लाखाहून अधिक आहे. पहिले इंपाला दिसताच मोटार थांबते. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. ही मोठी चूक. इंपालांचा कळप चरत असेल तर बातमी काही नाही. पण सगळे एकाच दिशेला कान टवकारून उभे असतील आणि नाकातून फुरफुरत असतील, तर त्या दिशेला बिबळ्या किंवा सिंह असण्याचा संभव मोठा. जिराफ उंच असल्याने त्याला आपल्याआधी दिसते. तो टक लावून कुठे पाहतो आहे ते पाहावे. गिधाडे खाली उतरत असतील तर मेलेले जनावर जवळच आहे. ती झाडावर नुसती बसून राहिली असतील तर मारणारा अजून भक्ष्यावरून उठला नसावा. नदीकाठी किगेलियाची झाडे आहेत. लांब दुधी भोपळ्यासारखी फळे लोंबणारे हे झाड आपल्याकडेही बागांतून लावलेले आढळते. त्याच्या आडव्या फांदीखाली एखादी शेपटी लोंबते आहे काय, हे पाहायला विसरू नये.

हत्तीच्या बाबतीत मात्र पाहण्यापेक्षा वागणे महत्त्वाचे. कळपात पिले असतील तर आई आणि पिलू यांच्यामध्ये मोटार घालू नये. नराच्या डोळा व कान यांमधून स्राव ओघळत असेल तर तो मस्तीत आहे असे समजून मागे हटावे. तो रस्त्यावरून चालत आला तर रस्ता त्याचाच आहे!

ऋतूही ध्यानात घ्यावा. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा, जूनपासून ऑगस्टपर्यंत, तेथे कोरडा हिवाळा असतो. गवत खुरटते, डबकी आटतात आणि प्राणी उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर येतात. अशा दिवसांत लोअर साबी तळाजवळच्या सनसेट धरणावर यंत्र बंद करून तासभर बसावे. आधी फक्त पाणघोड्यांच्या पाठी दिसतात. मग कळते की काठावरचा ओंडका मगर आहे. मग बगळे, मग भीत भीत येणारी हरणे. ही सगळी आधीपासून तेथेच होती किंवा येण्याच्या बेतात होती. आपण थांबलो नव्हतो, एवढेच.

या थांबण्याला अलीकडे एक शत्रू निर्माण झाला आहे. सिंह दिसल्याची बातमी मोबाइलवरून क्षणात पसरते, मोटारी धावत सुटतात आणि एका सिंहाभोवती वीस-वीस मोटारींचा वेढा पडतो. निवासतळांवर कोणता प्राणी कुठे दिसला हे रंगीत खुणांनी दाखवणारे नकाशाचे फलक असतात. त्यांवर गेंड्याची जागा मात्र दाखवत नाहीत. २००८ नंतर शिंगासाठी चोरट्या शिकारी इतक्या वाढल्या, की गेंडा कुठे आहे हे सांगणे म्हणजे त्याच्या मारेकऱ्याला पत्ता देणे झाले.

आणखी एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. हे रान निर्मनुष्य नव्हते. स्टीव्हन्सन-हॅमिल्टनने राखीव क्षेत्रातील वस्त्या उठवल्या, म्हणून स्थानिक लोकांनी त्याला ‘स्कुकुझा’ म्हणजे झाडून साफ करणारा असे नाव दिले. आज सर्वांत मोठ्या तळाचे तेच नाव आहे. वर्णद्वेषी राजवटीत चांगले तळ गोऱ्यांसाठी होते. काळ्या पाहुण्यांसाठी बालूले नावाचा एक लहानसा तळ असे. १९६९ मध्ये उत्तरेकडील लिंपोपो व लुवुव्हू या नद्यांमधील माकुलेके लोकांना बळाने हुसकावून त्यांची भूमी उद्यानात घातली गेली. १९९८ मध्ये ती त्यांना परत मिळाली. तेव्हा त्यांनी तेथे नांगर धरला नाही. भूमी वन्य प्राण्यांसाठीच राखावी आणि पर्यटनाचे उत्पन्न आपल्या लोकांना मिळावे, असा करार त्यांनी केला. ज्यांना हे रान पाहण्यापासून पिढीभर दूर ठेवले, त्यांनीच ते इतरांना पाहण्यासाठी राखले, ही गोष्ट कोणत्याही सिंहापेक्षा मला मोठी वाटते.

म्हणून क्रुगरच्या रस्त्यावर स्वतः चाक हाती धरणे ही केवळ सोय नव्हे. वाटाड्या नसला की डोळे आपले, संयम आपला आणि चुकलो तर चूकही आपलीच. वेग कमी करावा, यंत्र बंद करावे, दुसऱ्याच्या वाटेत येऊ नये आणि आपण कोणाच्या घरी आलो आहोत याची आठवण ठेवावी. हे धडे गिरवायला आफ्रिकेलाच जायला हवे असे नाही. आपल्या गावच्या तळ्याकाठी पहाटे तासभर गप्प बसणाऱ्यालाही ते शिकता येतात.