घास अडतो तेव्हा

अकलेशिया या आजारात अन्ननलिका घास नीट पुढे ढकलत नाही आणि जठराच्या तोंडाशी असलेली स्नायूंची झडप गिळताना सैल पडत नाही. तिथल्या मज्जापेशी नष्ट झालेल्या असतात. मग पाणीसुद्धा अडतं. अनेकांवर आधी ॲसिडिटीचेच उपचार होत राहतात, याचं फार वाईट वाटतं.

१९१३ मध्ये जर्मन शल्यविशारद अर्न्स्ट हेलर यांनी हा स्नायू बाहेरून चिरला, आतलं अस्तर शाबूत ठेवून. २००८ मध्ये जपानच्या हारुहिरो इनोऊए यांनी वाटच बदलली: तोंडातून दुर्बीण घालायची, अस्तराला छोटा छेद देऊन त्याखाली बोगदा करायचा, आतूनच स्नायू कापायचा, छेद क्लिपांनी मिटवायचा. पोटावर एकही टाका नाही! गेलेल्या मज्जापेशी मात्र परतत नाहीत. झडप सैल झाल्याने आम्ल वर येऊ शकतं, त्यासाठी पुढेही औषध लागू शकतं.