वाईट झालं, की चूक झाली?

मागच्या व्याख्यानानंतर एक बाई थांबल्या होत्या. साध्या शस्त्रक्रियेसाठी यजमानांना दाखल केलं आणि पाचव्या दिवशी ते गेले. त्या म्हणाल्या, "सर, कारण आणि जबाबदारी यांवर तुम्ही दीड तास बोललात. आता एवढंच सांगा, मी वकिलाकडे जाऊ का?" मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. आज देतो. पण मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, वकील नव्हे, हे ध्यानात ठेवून ऐका.

दुःख म्हणतं, माणूस गेला म्हणजे कुणाचीतरी चूक असणारच. कायदा तसं मानत नाही. त्या परिस्थितीत त्या विषयातल्या साधारण कुशल डॉक्टरने जेवढी काळजी घेतली असती, तेवढी घेतली गेली का, एवढाच त्याचा प्रश्न.

आपल्याकडचाच एक खटला बघा. १९५३ साली पालशेतच्या समुद्रकिनारी विशीतल्या एका मुलाचं मांडीचं हाड मोडलं. पुण्याला आणलं, हाड बसवून प्लास्टर घातलं, आणि त्याच संध्याकाळी मुलगा गेला. वडील स्वतः डॉक्टर. त्यांनी दावा लावला, तो सर्वोच्च न्यायालयात १९६८ साली निकाली निघाला, वडिलांच्या बाजूने. न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली: रुग्ण हाती घ्यायचा का हे ठरवताना काळजी, उपचार कोणता हे ठरवताना काळजी, आणि तो करताना काळजी. मला ही विभागणी फार मोलाची वाटते. 'डॉक्टरांनी मारलं' या वाक्याचं वकील काही करू शकत नाही. 'अमुक रात्री ताप चढला, तीनदा सांगूनही सकाळपर्यंत कुणी बघितलं नाही' याचं करू शकतो. म्हणून जाण्याआधी तारीखवार, वेळेसकट लिहून काढा. रडत का होईना, लिहा.

आणि केसपेपर मागा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे ७२ तासांत कागद द्यायचे असतात. ते दुसऱ्या डॉक्टरला दाखवावे लागतात, आणि इथे खरी अडचण येते. तोंडी 'चुकलंच' म्हणणारे लेखी द्यायला कचरतात. काही वेळा वस्तुस्थितीच बोलते म्हणा. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाईंच्या पोटात टॉवेल राहिला होता. त्या दगावल्या. तिथे शासनाला जबाबदार धरलं गेलं, पण अंतिम निकाल १९९६ चा. तेहतीस वर्षं!

आता पैसे घेऊन केलेल्या उपचारांसाठी ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. १९९५ च्या निकालाने तो पक्का झाला. तिथे स्वतःही बाजू मांडता येते, पण वैद्यकीय प्रकरणात वकील असलेला बरा. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, हे कित्येक शिकलेल्या घरांनाही ठाऊक नसतं. पोलिसांत जायची घाई मात्र करू नका. फौजदारीसाठी निष्काळजीपणा अतिशय ढोबळ असावा लागतो, असं २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे.

ग्राहक आयोगात मुदत दोन वर्षांची. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण द्यावं लागतं, आणि 'आधी वर्षश्राद्ध होऊ दे' हे तसं कारण धरलं जाईल, याच्या भरवशावर राहू नका.

त्या बाईंना मी नंतर फोन केला. चौदा महिने झाले होते. बिलं सगळी जपलेली, औषधांच्या दुकानाची चिठ्ठीसुद्धा. केसपेपर एकही नाही. अर्ज त्यांनी गेल्या सोमवारी दिला.