घरीच असणाऱ्या मुलीचा गुरुवार

'मुलगी काय करते?' असे स्थळ आणणाऱ्याने विचारले की आपल्याकडे तीन उत्तरे खपतात. बँकेत आहे, शाळेत शिकवते, किंवा अजून शिकते आहे. चौथे उत्तर द्यायची वेळ आली की आईबापांची जीभ अडखळते. 'डिझायनिंगचे काम करते, घरूनच,' असे सांगितले की समोरचा मान डोलावतो आणि मनातल्या वहीत एवढेच टिपून घेतो की मुलगी घरीच असते.

आज आपल्या प्रत्येक वस्तीत अशी दोन-चार मुलेमुली आहेत. त्यांना फ्रीलान्स डिझायनर म्हणतात. कुणाच्या नोकरीत नसलेला, काम मिळेल तसे करून देणारा, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत अंगावर काम घेणारा कारागीर. लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, मसाल्याच्या पाकिटावरचे चित्र, निवडणुकीचे पत्रक, पुस्तकाचे मुखपृष्ठ, मोबाईलवर फिरणाऱ्या शुभेच्छा, हे सारे कुणीतरी संगणकापुढे बसून जुळवलेले असते. काम फोनवर येते, फोनवर जाते आणि पुष्कळदा पैशाची गोष्टही फोनवरच राहून जाते.

आम्ही पडलो कारकून. आमच्या दिवसाला मस्टर आहे. सही केली की दिवस सुरू, टेबल आवरले की दिवस संपला. रविवार आमचा, सणाची सुट्टी आमची, महिनाअखेर पगार आणि पगारातून कापला जाणारा फंडही आमचाच. या मुलांना यातले काहीच नाही. त्यांच्या दिवसाला दार नाही. रात्री साडेअकराला 'जरा रंग बदलून पाहा' असा निरोप येतो आणि सकाळी सातला 'झाले का?' असा दुसरा. म्हणून अशा मुलांचा छंद, त्यांचे फिरणे, त्यांनी स्वतःपुढे ठेवलेली उद्दिष्टे हा विषय आम्हांला किरकोळ वाटत नाही.

विक्रोळीच्या कन्नमवारनगरातील एका मुलीची हकीकत सांगतो. नाव देत नाही, तिचीही तशी इच्छा आहे. वय सत्तावीस, उपयोजित कलेची पदवी घेतलेली. वडील पेंटर होते. घर रंगवणारे पेंटर निराळे, हे अक्षरे लिहिणारे. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागचे नाव, भिंतीवरच्या सभेच्या जाहिराती ते ब्रशने लिहीत. २००० नंतरच्या दहा वर्षांत फ्लेक्सने हा धंदा बसवला. जी पाटी लिहायला पेंटरला दोन दिवस लागत, ती यंत्रातून पाऊण तासात बाहेर पडू लागली. आज तिचे वडील पवईच्या एका सोसायटीत पहारेकरी आहेत आणि मुलगी त्याच फ्लेक्सवरची अक्षरे संगणकावर जुळवते. बापाचा धंदा ज्याने नेला त्याच्यावर लेकीचे पोट चालते. घरात कुणी हे बोलून दाखवत नाही, पण ते सर्वांना ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वी तिचे डोळे चुरचुरू लागले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की दर वीस मिनिटांनी पडद्यावरची नजर काढायची आणि वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघायचे. सल्ला योग्यच होता. पण दहा बाय बाराच्या खोलीत वीस फूट आणायचे कुठून? शेवटी तिने खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी धरली. टाकीवर कुणा पेंटरने केव्हातरी इमारतीचा क्रमांक लिहिला आहे. ते आकडे रोज बघताबघता तिच्या लक्षात आले की हे हाताने लिहिलेले आहेत, आणि चांगले लिहिलेले आहेत. त्यातील चारचा आकडा तिने वहीत उतरवून घेतला. तिचा छंद तिथून सुरू झाला.

छंद म्हटले की आपल्या घरांत अजूनही कपाळाला आठी पडते. पोट भरलेल्यांचे चोचले, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळी संपवून आलेला माणूस कबड्डीच्या मैदानात उतरत होता, गायन पार्टीत पेटी धरत होता, चाळीच्या नाटकात स्त्रीपार्टही करत होता. त्याला कुणी छंद म्हणत नव्हते एवढेच. आणि ज्यांच्या एका दिवसात आपले आठ दिवस मावतील, त्या बाबासाहेबांनीही उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते.

तर या मुलीने आठवड्यातला एक दिवस बंद ठेवायचे ठरवले. दिवस निवडला गुरुवार, कारण वडिलांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी गिऱ्हाइके मोकळी असतात, त्यामुळे त्या दिवशी फोन सर्वांत जास्त. आपल्या सर्व गिऱ्हाइकांना तिने एक सभ्य निरोप धाडला की गुरुवारी काम होणार नाही, बुधवारी रात्री आठपर्यंत सांगितलेले शुक्रवारी मिळेल. आई धास्तावली होती. प्रत्यक्षात एक गिऱ्हाईक तुटले, बाकीच्यांनी निमूटपणे वेळ सांभाळली. ज्याला गरज असते तो थांबतो, हे तिला एका महिन्यात कळले.

गुरुवारी सकाळी बाप आणि लेक जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत बसतात. पत्र्याचा तुकडा, ऑईलपेंटची छोटी डबी, पातळ करायला टर्पेंटाईन. वडील दोऱ्याला खडू चोळून पत्र्यावर ताणतात आणि टिचकी मारतात. सरळ रेघ उमटते. ती शिरोरेषा. मग डाव्या हातात आडवी काठी धरून तिच्यावर उजवे मनगट टेकतात आणि एका दमात अक्षर उतरवतात. संगणकावर चूक झाली की एक कळ दाबून मागे जाता येते. इथे चुकले की चिंधीने पुसायचे आणि पुन्हा रेघेपासून सुरुवात. पहिले दोन महिने तिचा हात थरथरत होता. पदवी असलेल्या मुलीला सातवी शिकलेला बाप 'दाब कमी कर, ब्रश ओढ, ढकलू नको' असे सांगत होता आणि शेजारीपाजारी ये-जा करताना थांबून बघत होते. धंदा बसल्यापासून वडिलांना कुणी काही विचारलेच नव्हते, असे तिची आई आम्हांला म्हणाली.

फिरण्याचे म्हणाल तर महिन्यातून एक गुरुवार त्यासाठी ठेवलेला. आठवड्यामधल्या दिवशी फिरण्यात शहाणपणही आहे. लोकलला सकाळची गर्दी ओसरली की बसायला जागा मिळते आणि गुरुवारी सगळे उघडे असते. सोमवारी निघाल तर बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान बंद आणि कान्हेरीही बंद, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

कान्हेरीला तिघेही गेली. विक्रोळीहून दादर, तिथे गाडी बदलून बोरिवली, स्टेशनच्या पूर्वेला उद्यानाचे दार. दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. उद्यानाच्या गाड्या मिळतात. उद्यानाचे तिकीट वेगळे, लेण्यांचे वेगळे. भाकरीचा डबा मात्र उघडा ठेवू नये, माकडे हातातून नेतात; यांचा अर्धा डबा नेलाच. शंभरावर लेणी एका डोंगरात कोरलेली आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारापासून पुढे जवळजवळ हजार वर्षे तिथे राबता होता. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यात शिरताना दोन्ही बाजूंना बुद्धाच्या उभ्या भव्य मूर्ती आहेत. मोठा माणूस त्यांच्या गुडघ्याशी येतो. अकराव्या लेण्यात दगडातच कोरलेले लांब बाक आहेत. आई तिथे पाय सोडून बसली आणि म्हणाली, 'इथं पंगती बसत असतील की शाळा भरत असेल?' अभ्यासकांनाही हाच प्रश्न पडतो, म्हणून ते लेणे सभागृह होते असे म्हणतात. बहुतेक लेण्यांजवळ पावसाचे पाणी साठवण्याचे टाके आहे. शिलालेखांत त्याला पोढी म्हटले आहे.

मुलगी अडकली ती या शिलालेखांपाशी. कल्याण, सोपारा, नाशिक, चौल इथल्या माणसांनी लेणी आणि टाकी दान दिल्याच्या नोंदी ब्राह्मी लिपीत खोदलेल्या आहेत. दान देणाऱ्यांत व्यापारी आहेत, सोनार आहे, भिक्षुणी आहेत. ही लिपी पुढे लोक विसरले. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ती पुन्हा वाचली. आपली देवनागरी याच लिपीची वंशज. अक्षरांना हात न लावता, समोर बसून नजरेने तिने ती वहीत उतरवली. पुढच्या महिन्यात ती मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात गेली, तेच जे आधी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम होते आणि आता छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते. तिथे सम्राट अशोकाच्या सोपाऱ्याच्या शिलालेखाचा तुकडा आहे. तो १८८२ साली मिळाला, त्याच वर्षी भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. अशोकाच्या काळच्या ब्राह्मीत 'क' म्हणजे बेरजेचे चिन्ह. 'ठ' म्हणजे नुसते वर्तुळ. घरी येऊन तिने वडिलांना 'ठ' दाखवला. ते म्हणाले, 'हा तर आमचाच आहे, फक्त वर दांडी नाही.' बावीसशे वर्षांत त्या अक्षराने आपली गोलाई सोडलेली नाही.

काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरीही जवळच आहे. १९५२ पासून आहे आणि आत जायला पैसे पडत नाहीत. तरीही आपली माणसे दारावरूनच परततात. बहुधा तिथली गार हवा आणि चकचकीत फरशी बघून बिचकतात. बिचकू नये, एवढेच सांगतो.

आता तिची उद्दिष्टे. ती तिने भिंतीवरच्या कॅलेंडरमागे पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत. पहिले, पोहायला शिकणे. महापालिकेच्या तरणतलावांत स्त्रियांसाठी वेगळ्या तुकड्या असतात. दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरलेल्यांना पोहण्यासारखे दुसरे नाही. दुसरे, पोस्टातले पीपीएफ खाते. फंड कापणारा मालक नसेल तर फंड आपणच कापावा. वर्षाला किमान पाचशे रुपये भरले तरी खाते चालू राहते, मुदत पंधरा वर्षे. जो महिना बरा जाईल त्या महिन्यात जास्त भरायचे, असे तिचे धोरण आहे, आणि आमच्या बी.कॉम.च्या नजरेला ते पटते.

तिसरे उद्दिष्ट मात्र वादाचे आहे आणि त्यात आपण सगळे येतो. तिने लिहिले आहे: फुकटचे काम वर्षातून एकच.

एप्रिल उजाडला की मंडळांची रांग लागते. 'जयंतीचा बॅनर आहे, समाजाचे काम आहे, पैसे कसले मागतेस?' मागच्या एप्रिलपूर्वीच्या वर्षी तिने असे नऊ बॅनर केले. एकेकाला चार-पाच वेळा दुरुस्त्या, कारण मंडळातल्या प्रत्येकाला आपला फोटो मोठा हवा. समजा, एका बॅनरला आठ तास धरले तर नऊ बॅनरांचे बहात्तर तास, म्हणजे नऊ दिवसांची रोजी. आता मंडळाचा ताळेबंद बघा. मंडपवाल्याला पैसे मिळतात. स्पीकरवाल्याला आगाऊ मिळतात. फ्लेक्स छापणारा चौरस फुटाने हिशेब करतो आणि दहा बाय वीसच्या फ्लेक्सचे दोनशे फुटांचे पैसे मोजून घेतो. फक्त त्या फ्लेक्सवर काय दिसावे हे जिने ठरवले तिच्या नावापुढे शून्य. बाबासाहेबांच्या जयंतीला श्रमाची मजुरी बुडवायची, हा हिशेब आम्हांला जुळवता येत नाही.

कुणी म्हणेल की समाजासाठी एवढेही करू नये? करते ना. स्वतःच्या वस्तीचा बॅनर ती आजही फुकट करते आणि मन लावून करते. बाकीच्यांना दर सांगते, निम्मी रक्कम आधी घेते, दोनपेक्षा जास्त दुरुस्त्यांचे वेगळे पैसे लावते. यंदा तीन मंडळे रागावून दुसरीकडे गेली, एकाने तिला 'पैशाची झालीस' असेही ऐकवले. चार मंडळांनी पैसे दिले. आम्ही ज्या मंडळाचे काम पाहतो त्याच्या अंदाजपत्रकात आम्ही 'रचना व अक्षरांकन' अशी वेगळी बाब घातली आहे. सभेत चर्चा झाली, आवाजही चढले, पण बाब मंजूर झाली. इतर मंडळांच्या खजिनदारांनी ती पाहावी.

चौथे उद्दिष्ट सगळ्यांत लांबचे. तिला वडिलांच्या हाताचे अक्षर संगणकात आणायचे आहे, म्हणजे त्याचा फॉन्ट करायचा आहे. हे काम सोपे नाही. इंग्रजीची सव्वीस मोठी, सव्वीस छोटी अक्षरे काढली की बरेचसे भागते. देवनागरीत जोडाक्षरे धरली तर शेकडो आकार काढावे लागतात. शिवाय मराठीचा 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा हवा, तसा शासनाचा २००९ चा निर्णयही आहे. संगणकावर पुष्कळदा हिंदी वळणाचेच पुढे येतात. या वाटेने आधी गेलेली माणसे आहेत. विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट करणारे र. कृ. जोशी पवईच्या आयआयटीत शिकवत होते, म्हणजे तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. २००८ साली ते गेले. नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरे घराघरात पोचवणारे कमल शेडगे २०२० साली गेले. दोघांची अक्षरे तिने कापून वहीत चिकटवली आहेत. त्याच वहीच्या मागच्या पानांवर वडिलांची.

दर गुरुवारी चार अक्षरे, असा वेग ठरला आहे. वडील पत्र्यावर लिहितात, ती फोटो काढून संगणकावर त्याची कड रेखते. परवा आम्ही गेलो तेव्हा 'ऱ्ह' चालला होता. कऱ्हाड, गुऱ्हाळ, वऱ्हाड अशा शब्दांसाठी लागणारे अक्षर, पण ते नसेल तर कऱ्हाडच्या माणसाने काय करावे? वडिलांनी ते तीनदा पुसले. चौथ्यांदा लिहून झाल्यावर पत्रा उजेडाकडे धरला, मुलीकडे बघितले आणि म्हणाले, 'ही आडवी रेघ जाड झाली. टर्पेंटाईन आण, पुन्हा मारू.'