खाड्यांनी राखलेला रस्ता

मुंबईहून गोव्याला जायला कोकणातून दोन रस्ते आहेत. एक सगळ्यांच्या ओळखीचा: पनवेल, महाड, चिपळूण, राजापूर, कणकवली, सावंतवाडी. गणपतीच्या आदल्या आठवड्यात ज्याच्यावर गाड्यांची रांग हलता हलत नाही, तो राष्ट्रीय महामार्ग. दुसरा त्याच्या पश्चिमेला, समुद्राला धरून रेवसपासून रेडीपर्यंत सुमारे ५०० किलोमीटर जातो. सरकारदरबारी त्याचं नाव सागरी महामार्ग. प्रत्यक्षात तो बऱ्याच ठिकाणी इतका अरुंद आहे, की समोरून एसटी आली तर सायकलवाल्याने गडग्याला टेकून थांबावं. दोन गावांच्या मधल्या टप्प्यात तर कधी कधी पुष्कळ वेळ एकही गाडी दिसत नाही. साखळीचा आवाज, चाकाखाली चुरडणारी वाळकी पानं, खाली कुठेतरी लाट. देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या शहरापासून एका बोटीच्या अंतरावर ही शांतता सुरू होते, आणि ती कुणी मुद्दाम राखलेली नाही. मग ती आली कुठून?

उत्तर नकाशावर आहे. कोकणची किनारपट्टी फणीसारखी आहे. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या पश्चिमेला धावतात आणि समुद्राला मिळण्याआधी रुंद खाड्या होतात: रेवदंड्याला कुंडलिका, बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी. दोन खाड्यांच्या मधली जमीन म्हणजे फणीचा एकेक दात. महामार्ग फणीच्या पाठीवरून जातो, किनाऱ्याचा रस्ता दातांच्या टोकांवरून. टोकावरून टोकावर जायचं तर मध्ये पाणी. घाई असलेला माणूस पाठीवरूनच जाणार.

या खाड्या मुळात नदीच्या दऱ्या होत्या. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरचं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. किनारा पश्चिमेला कितीतरी दूर होता. नद्या त्या दूरच्या समुद्राकडे धावताना जमिनीत खोल उतरल्या. मग उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपवरचे बर्फाचे थर वितळले, समुद्र चढत आला आणि सुमारे ७,००० वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास स्थिरावला. तोवर त्याने प्रत्येक दरीचं तोंड बुडवून टाकलं होतं. दाभोळच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट बघत उभं असताना समोर जे पाणी दिसतं, ते तिथे असण्यामागे कॅनडाच्या वितळलेल्या बर्फाचाही हात आहे. मला ही गोष्ट कळली तेव्हापासून कोकणातली कुठलीही खाडी पूर्वीसारखी दिसत नाही.

खाडीत भरतीचं पाणी जिथवर आत चढतं, त्या टोकाशी जुनी बाजारपेठ असते. महाड, चिपळूणचं गोवळकोट, राजापूर. घाटावरून बैल माल घेऊन उतरायचे, भरतीबरोबर गलबतं आत यायची, आणि दोघांची गाठ तिथे पडायची. पुढे रस्ते बांधणाऱ्यांनाही हीच ठिकाणं सोयीची ठरली, कारण पात्र तिथे अरुंद आणि पूल बांधणं सोपं. म्हणून महामार्ग आत गेला. कोकण रेल्वेही, जी १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली, बहुतेक ठिकाणी किनाऱ्यापासून दूरच राहिली.

किनारा मात्र कायमच असा निवांत नव्हता. आज ज्या जेट्टीवर चारदोन मोटारसायकली आणि मासळीच्या पाट्या दिसतात, ते दाभोळ बहामनी आणि नंतर आदिलशाही काळात या किनाऱ्यावरचं एक मोठं बंदर होतं. श्रीमंतही होतं. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज आरमाराने ते जाळलं. त्याच्या आधी, पंधराव्या शतकात, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला, जुन्नर-बीदरकडे गेला आणि परतीचं जहाज त्याने दाभोळला पकडलं. चौल आणि दाभोळ दोन्ही याच सायकलवाटेवर आहेत. रेवदंड्यात निकितिनचं स्मारकही आहे. पुढे व्यापार मुंबईकडे वळला, मुंबई-गोवा बोट बंद झाली, माणसं डांबरी रस्त्याने आतल्या आत फिरू लागली. पूर्वी समुद्र हाच हमरस्ता होता आणि ही गावं त्याच्या दारात होती. हमरस्ता डोंगराच्या बाजूला सरकला तशी दारं मागची झाली.

सायकलवर बसलेल्याला या प्रदेशाची रचना मांड्यांतून कळते. समुद्रालगत असूनही हा रस्ता फार थोड्या ठिकाणी सपाट आहे. गाव सोडलं की घाटी. वळणावळणाने शंभरेक मीटर चढावं लागतं, मग सडा, म्हणजे कातळाचं पठार, लागतो. उघडा, लालकाळा, वाऱ्याचा. थोडा वेळ सपाटी, आणि पुन्हा उतार, पुन्हा माडांची सावली, पुढचं गाव. दिवसभर हेच. कुठलाच चढ फार लांब नाही, पण संपला म्हणेपर्यंत दुसरा येतो. सामान लादलेल्या सायकलला हलका गिअर हवाच.

याचंही कारण जमिनीतच आहे. सड्याचा जांभा हा मुरलेला, कुजलेला खडक. उष्ण आणि दमट हवेत लाखो वर्षं पाऊस झिरपत राहिला, मूळ खडकातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. म्हणून तो लाल. तो सच्छिद्रही आहे. पावसाचं पाणी वरून आत उतरतं आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. पाणी जिथे बाहेर येतं तिथे माणूस वसला: सड्याच्या खाली, पुळणीच्या वर, नारळी-पोफळीच्या वाडीत. म्हणून प्रत्येक गाव खाली आणि दोन गावांमधली वाट वर. चढ-उताराचा हा हिशेब झऱ्यांनी घालून दिलेला आहे.

आणि सडा ओसाड समजू नये. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या कातळावर एक प्रचंड हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांच्या आकृत्या आहेत. कोकणातली अशी कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली. ज्यांनी ती कोरली त्यांच्याबद्दल फार थोडं हाती लागलं आहे. मोटारीतून जाताना तो सडा दोन मिनिटांत मागे पडतो. घामाने डबडबून वर पोचलेला माणूस तिथे थांबतोच, आणि थांबला की दिसतं.

दिशेचा प्रश्न वारा सोडवतो. शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे इथे रोज ड्युटीवर असतात. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मंद झुळूक, दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला हा दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालेल्या सायकलला तो मागून रेटतो, ऐन थकण्याच्या वेळी. रेवसहून रेडीकडे जावं, उलट नको.

या शांततेचे लाभार्थी आपण एकटेच नाही. बाणकोटपासून जवळच्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं रात्री वाळूतून निघतात आणि जिकडे उजेड जास्त तिकडे सरपटतात. निसर्गात तो उजेड समुद्रावरच्या आकाशाचा असतो. किनाऱ्यालगत दिव्यांची आणि गाड्यांची रांग लागली की पिल्लांची दिशा चुकते. वेळासचे गावकरी घरटी राखतात.

आता पूल येत आहेत. बॅ. अ. र. अंतुले १९८० ते १९८२ मुख्यमंत्री होते, तेव्हापासून या सागरी मार्गाचं स्वप्न सांगितलं जातं. काही खाड्यांवर पूल कधीच झाले. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथे आजवर फेरीबोटीने निभावलं, आणि उरलेल्या खाड्यांवरही पूल उभारण्याचं काम राज्याने हाती घेतलं आहे. सायकलवाल्याचा जीव यात तुटतो हे खरं. तरी अडल्या बाळंतिणीला शेवटची फेरी चुकली म्हणून अर्ध्या जिल्ह्याचा वळसा घालावा लागू नये, याच्यापुढे माझ्या शांततेची किंमत काही नाही. पूल हवेतच.

मागायचं ते वेगळं आहे. रुंद रस्ता गावाबाहेरून काढला जाईल तेव्हा गावातून जाणारी जुनी वाट तशीच राहू द्यावी. ती खोदून, रुंद करून, गडगे पाडून टाकू नये. तिच्यावर सायकलसाठी साध्या खुणा कराव्यात आणि फेरीबोटी पुलानंतरही माणसांसाठी आणि सायकलींसाठी चालू ठेवाव्यात. गावातल्या घरगुती खाणावळींना आणि राहायच्या खोल्यांनाही त्याचा उपयोग आहे, कारण सायकलवाला दर चाळीस-पन्नास किलोमीटरला जेवतो आणि झोपतो. मोटारवाला थेट गोवा गाठतो.

ज्यांना हे बघायचं आहे त्यांनी पहिल्या खेपेला पूर्ण रस्त्याच्या मागे लागू नये. आगरदांड्याला फेरीबोटीत सायकल चढवावी, दिघीला उतरावं, दिवेआगरला मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी शेखाडीवरून श्रीवर्धन: इथे रस्ता समुद्राला इतका खेटून जातो की चढ आला तरी राग येत नाही. तिथून हरिहरेश्वर आणि बागमांडल्याची जेट्टी. शनिवार-रविवार टाळा, त्या दोन दिवशी पर्यटकांच्या गाड्या असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. पाणी सड्यावर मिळत नाही, गावातूनच भरून घ्या.