न थांबवणारा नाका

दूरसंचार कंपन्यांच्या एक्स्चेंजमध्ये, पिवळ्या फायबर-दोऱ्यांच्या गर्दीत, रॅकवर एक यंत्र बसवलेलं असतं. अभियंते त्याला ‘रोॲडम’ म्हणतात. केसाएवढ्या एका फायबरमधून ऐंशी-नव्वद तरंगलांबी एकदम येतात. त्या 1530 ते 1565 नॅनोमीटरच्या पट्ट्यातल्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या. तरी बोलण्यात त्यांना ‘रंग’च म्हणतात. कोणता रंग इथं उतरवायचा आणि कोणता पुढं जाऊ द्यायचा, याची व्यवस्था रोॲडम लावतो.

आत एक ग्रेटिंग रंग वेगळे करतं. मग द्रवस्फटिकाची चिप प्रत्येक रंगाला त्याच्या दाराकडे वळवते. एके काळी यासाठी माणसाला ठाण्यावर जाऊन दोऱ्या बदलाव्या लागत. आता नियंत्रण कक्षातून हुकूम सुटतो.

80 किलोमीटरनंतर फायबरमधला प्रकाश साधारण चाळिसाव्या हिश्शावर येतो. पूर्वी त्याची वीज करून, ती ताजी करून पुन्हा प्रकाश बनवावा लागे, तोही प्रत्येक रंगासाठी वेगळा. 1987 मध्ये साउदॅम्प्टनला डेव्हिड पेन यांच्या गटाने अर्बियममिश्रित फायबरचा प्रवर्धक दाखवला आणि सगळे रंग प्रकाशरूपातच एकत्र वाढवता येऊ लागले. तेव्हापासून खरा खर्च उरला तो रंग उतरवण्याचा, म्हणजे त्याची वीज करण्याचा.

पण न उतरता जायचं, तर रंग शेवटपर्यंत एकच हवा. समजा, मुंबई-पुणे टप्प्यात फक्त सातवा रंग मोकळा आहे आणि पुणे-सोलापूर टप्प्यात फक्त बारावा. दोन्हीकडे जागा असूनही मुंबई-सोलापूर थेट वाट मिळत नाही. मोठ्या जाळ्यात या वाटपाचं सर्वोत्तम उत्तर काढणं संगणकालाही जड जातं. म्हणून बहुधा जवळची वाट धरून पहिला मोकळा रंग देतात.

दुसरा पेच छोट्या ग्राहकांचा. अख्खा रंग त्यांना परवडत नाही आणि लागतही नाही. टपालाच्या थैलीसारखी त्यांची वाहतूक एकत्र बांधावी लागते. यालाच ट्रॅफिक ग्रूमिंग म्हणतात. मोडियानो आणि लिन यांनी 2001 मध्ये दिलेलं उदाहरण बोलकं आहे. चार ठाण्यांचं एकेरी वर्तुळ, प्रत्येक जोडीत आठ एसटीएम-1 (वाहतुकीचे ठरावीक मापाचे गठ्ठे) आणि एका रंगात अशा सोळांची जागा. म्हणजे सहा जोड्यांना तीन रंग पुरतात. एकाच रंगात 1-2 आणि 3-4 अशा परक्या जोड्या बसवल्या, तर तो चारही ठाण्यांवर उतरतो. रंग जिथं उतरतो, तिथं त्याच्यासाठी वेगळं विद्युत-यंत्र लागतं. म्हणून तिन्ही रंगांना मिळून अशी 12 यंत्रं लागतात. 1-2 सोबत 1-3 अशा सामाईक ठाण्याच्या जोड्या बांधल्या, की 9 पुरतात. वाहतूक तीच, रंग तेवढेच. तीन यंत्रं वाचली ती फक्त सोबत नीट निवडल्यामुळे.

आज एक रंग सेकंदाला 400 गिगाबिट वाहू शकतो, पण 10 गिगाबिट मागणारे ग्राहक अजून आहेतच. रंग जितका रुंद होतो, तितकी तो भरण्याची आखणी महत्त्वाची ठरते.