विश्लेषण : ‘डीप केमिकल पील’ भारतीय त्वचेला का मानवत नाही?

खोल सुरकुत्या आणि उन्हाने झालेले नुकसान घालवण्यासाठी ‘डीप केमिकल पील’ सहसा एकदाच करतात. परिणाम अनेक वर्षे टिकतो. पण धोकाही तेवढाच मोठा.

हा उपचार नेमका काय?
ग्लायकोलिक आम्लाचे सौम्य पील त्वचेच्या वरच्या थरापुरते राहते. डीप पीलमधील फिनॉल, बहुधा क्रोटन तेलासह, आतल्या थरापर्यंत पोहोचते. जुनी त्वचा सोलली जाऊन तेथे नवे कोलॅजन तयार होते.

धोका कोणता?
फिनॉल रक्तात शोषले गेल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. म्हणून ते टप्प्याटप्प्याने, ईसीजीवर लक्ष ठेवून लावतात. हृदय, यकृत, मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांना हा उपचार टाळावा लागतो. जखम भरायला साधारण दोन आठवडे, लाली जायला काही महिने लागतात.

सावळ्या त्वचेचे काय?
अशा त्वचेवर काळे डाग, कायमचे पांढरे चट्टे किंवा व्रण राहण्याची शक्यता अधिक. त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञ सहसा सौम्य पीलच, अनेक बैठकांत, सुचवतात.

घरी करता येते का?
नाही. तीव्र पील डॉक्टरांच्या देखरेखीविना वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये दिला. गोरेपणासाठी तर हा मार्ग नव्हेच.